साच्यातली चूक

मंतशा शेख त्या कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा तिच्या प्रयोगशाळेत बारा बोर्ड होते आणि त्यातले सात चालू होते. बोर्ड म्हणजे हाताच्या पंजाएवढी हिरवी पाटी. तिच्यावरच्या एका चिपमध्ये हवं ते सर्किट भरता येतं, पुसता येतं, पुन्हा दुसरं भरता येतं. बीड बायपासच्या पलीकडचं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज, दर जूनला नवा करार, आणि समोर कन्नड, पैठण, फुलंब्रीकडून आलेली साठ पोरं. पोरं हुशार होती. सी भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या वर्षालाच घडाघडा लिहायची. पण सर्किट लिहायची भाषा फळ्यावर आली की सगळा वर्ग चिडीचूप.

"अरे, घाबरता कशाला?" मंतशा म्हणायची. "प्रोग्राम म्हणजे घरातला स्वयंपाक. करणारी बाई एकटी. आधी कांदा चिरणार, मग फोडणी, मग भाकरी. आणि सर्किट म्हणजे लग्नाची दावत. इकडं मटणाच्या खलियाची डेग चढलीय, तिकडं तंदूरला नान लागताहेत, कुणी पाणी भरतंय, कुणी दस्तरखान अंथरतंय. सगळं एकाच वेळी. फक्त कुणी कुणासाठी थांबायचं, तेवढं आधी ठरवून द्यावं लागतं."

पोरं हसायची, माना डोलवायची आणि परीक्षेत नेमका तोच प्रश्न सोडून द्यायची.

सी प्रोग्राम दिला की त्याचं आपोआप सर्किट करून देणारी सॉफ्टवेअरं बाजारात होती, पण मोठ्या कंपन्यांची. तिनं खरेदी समितीपुढं नाव काढलं तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून तिच्याकडं एकवार पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. त्या संध्याकाळी कॉलेजच्या बसमध्ये तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, "आपणच करायचं." साल २०१७. वय सत्तावीस.

बोलायला सोपं होतं ते. प्रोग्राममधलं वाक्य न् वाक्य फोडायचं, कुठलं काम कुठल्या कामावर अडतंय ते शोधायचं, जी कामं एकमेकांवर अडत नाहीत ती एकदम करायला लावायची, आणि या सगळ्याची शेवटी सर्किटच्या भाषेत मांडणी करायची. ती रोज पहाटे नमाज झाली की दोन तास बसायची. रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरात खाली वडिलांचं विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान होतं. वर दोन खोल्या. धाकटी बहीण आफरीन लग्न होऊन जालन्याला गेलेली, आई वारलेली. घरात बाप-लेक दोघंच, आणि दोघांनाही कामाच्या वेळी बोलायची सवय नव्हती.

दीड वर्षानं पहिला प्रोग्राम पार पडला. दोन संख्यांचा मसावि काढायचा, शाळेतल्या गणितासारखा. बोर्डवर बत्त्या लागल्या, तिनं त्या दोनदा मोजल्या, उत्तर बारा आलं. बारा बरोबर होतं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. ती खुर्चीवर बसली आणि तिला हसू आवरेना.

त्या अवजाराला तिनं नाव दिलं "साचा". आणि ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. आतली ओळ न् ओळ कुणीही बघावी, उचलावी, बदलावी. ती स्वतः तशाच दुसऱ्यांनी खुल्या ठेवलेल्या गोष्टी वाचत शिकली होती, त्यामुळं तिला त्यात फार मोठं काही केलं असं वाटलं नाही.

"मुफत में दे दी?" वडिलांनी, फारूखभाईंनी, जेवताना विचारलं.

"हौ अब्बा."

"और गारंटी?"

"गारंटी कुछ नै. वैसा लिख के रखी मैं. कुछ बिगड़ा तो अपनी जिम्मेदारी नै."

फारूखभाई चाळीस वर्षं जळक्या मोटारी भरून देत होते, आणि प्रत्येक मोटारीमागं सहा महिन्यांची जबान. त्यांनी घास तसाच हातात धरला. "ऐसा भी चलता क्या?" म्हणाले. मंतशानं सांगितलं की सगळ्या जगात असंच चालतं. ते खरंही होतं.

साचा हळूहळू पसरला. आधी तिच्याच पोरांनी वापरला, मग पुण्याच्या कुणी, मग नाव उच्चारता येणार नाही अशा गावांतल्या लोकांनी. परदेशातून पत्रं यायला लागली. तुमचं सर्किट बरोबर येतं पण फार जागा खातं, लहान चिपमध्ये मावत नाही, असं बरेच जण लिहायचे. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात काढलेल्या सातव्या आवृत्तीत तिनं काटकसरीचा एक टप्पा घातला. प्रोग्राम एकच गोष्ट दोनदा वाचत असेल, तर दोनदा वाचायच्या वाटा कशाला बांधायच्या? एकदा वाचायचं, तेच पुढं वापरायचं. सर्किट एकदम तिसऱ्या हिश्शानं लहान झालं. लोक खूश झाले.

आता, बाहेरून येणाऱ्या तारांना हा नियम लावून चालत नाही. बटण, सेन्सर, यांची अवस्था क्षणात बदलते. त्यासाठी सी भाषेत एक शब्दच आहे, व्होलाटाइल. तो लावला की त्याचा अर्थ असा, की मघाशी काय बघितलंस ते विसर, प्रत्येक वेळी नव्यानं बघ. मंतशाला हे माहीत होतं. पोरांना ती दरवर्षी हे शिकवायची. तो शब्द असेल तिथं काटकसर करायची नाही, अशी तपासणी तिनं त्या टप्प्यात स्वतः लिहिली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लांबच्या कुठल्यातरी देशातल्या एका शाळामास्तरानं तक्रार नोंदवली. मी दिवा लावतो, मधेच बटण दाबलं की तो विझायला हवा, विझत नाही, पूर्ण वेळ जळून मगच विझतो. सोबत दहा ओळींचा प्रोग्राम. मंतशाला दहा मिनिटांत परीक्षेच्या सुपरव्हिजनला जायचं होतं. तिनं प्रोग्राम वरवर पाहिला, लिहिलं, "तुमच्या बटणाचा दोष असावा, बटण बदलून पाहा," आणि तक्रार बंद करून टाकली. मास्तरानं पुन्हा काही लिहिलं नाही.

डिसेंबरात विश्वजीतचा फोन आला. विश्वजीत तिचा जुना विद्यार्थी, बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत मशीनचे कंट्रोल बनवणाऱ्या एका लहान कंपनीत लागलेला.

"मॅडम, एक आनंदाची बातमी. आपला साचा आता कारखान्यात चालतोय. हायड्रॉलिक प्रेसचा अख्खा कंट्रोल मी सीमध्ये लिहिला आणि तुमच्या साच्यातून काढला."

"प्रेसचा?" मंतशा म्हणाली. "अरे, ते शिकायला केलंय मी."

"मालक म्हणाले झकास आहे. बाहेरचं तयार कंट्रोल कार्ड घ्यायचं कामच पडलं नाही."

"नीट तपासून घेतलंस ना?"

"घेतलं की, मॅडम."

एवढंच. आणखी दोन वाक्यं ती बोलू शकली असती. कुठल्या कामाचा कंट्रोल, माणसाचा हात कुठं असतो, हे विचारू शकली असती. पण ती हरखून गेली होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिनं चार जणांना सांगितलं, की आपलं काम कारखान्यात पोचलं. पुढं तिला या गोष्टीची जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाची वाटली नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी विश्वजीत न सांगता कॉलेजात आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला तो आत येईना.

"काय झालं रे?"

"मॅडम, प्रेसवर माणूस गेला... नाही, जीवानं नाही. हात गेला. उजव्या हाताची चार बोटं."

मग त्यानं बसून सांगितलं. पत्र्याचे भाग ठोकणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रेसला यांनी कंट्रोल बसवला होता. सांडू नावाचा चाळिशीचा ऑपरेटर, देवगाव रंगारीचा. पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, प्रेस खाली येतो. तोंडाशी प्रकाशाचा सेन्सर. त्यात हात आला तर प्रेस जागच्या जागी थांबला पाहिजे. त्या दिवशी पेडल दाबल्यावर पत्रा तिरका झाला. सांडूनं तो सरळ करायला हात घातला. प्रेस थांबला नाही.

"कारखान्याचे लोक म्हणतात त्यानंच सेन्सरवर चिकटपट्टी लावली होती, काम भराभर उरकायला. दवाखान्यात त्याच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला कागदावर. आमचे मालकही तेच म्हणतात."

"आणि तू?"

विश्वजीतनं मान खाली घातली. "मी सेन्सर बघितला, मॅडम. चिकटपट्टीचा डाग सुद्धा नव्हता."

मंतशानं कपाटातला बोर्ड काढला. विश्वजीतनं पेनड्राइव्हवर आणलेला प्रोग्राम साच्यात घातला, सर्किट बोर्डवर भरलं. सेन्सरच्या जागी एक बटण, प्रेसच्या जागी आठ बत्त्यांची रांग. प्रेस खाली येतोय म्हणजे बत्त्या एकेक करून लागत जाणार.

आधी सेन्सर अडवला, मग पेडल दाबलं. एकही बत्ती लागली नाही. बरोबर. पुन्हा केलं. बरोबर. दहा वेळा केलं.

"आम्ही असंच तपासलं होतं," विश्वजीत म्हणाला. "कारखान्याच्या तपासणीलाही असंच दाखवलं."

"आता आधी पेडल दाब," मंतशा म्हणाली.

त्यानं पेडलचं बटण दाबलं. एक बत्ती, दोन, तीन. तिसऱ्या बत्तीला मंतशानं सेन्सर अडवला. चार, पाच, सहा, सात, आठ.

दोघंही त्या आठव्या बत्तीकडं बघत राहिले.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा आठ. विश्वजीतनं तोंडावर हात ठेवला. बाहेर व्हरांड्यात पोरं कुठल्याशा सामन्यावरून वाद घालत होती. मंतशानं उठून दार लावलं.

विश्वजीतचा प्रोग्राम चोख होता. त्यानं तो व्होलाटाइल शब्द लावला होता, प्रेस खाली येताना दर पावलाला सेन्सर बघायचा असं लिहिलं होतं. फक्त सेन्सर बघण्याच्या कामाचं त्यानं एक छोटं वेगळं फंक्शन, म्हणजे नाव देऊन बाजूला काढलेला तुकडा, केलं होतं, जसं कुठलाही शहाणा माणूस करतो, जसं तिनंच त्याला शिकवलं होतं. साचा ते फंक्शन उलगडून मूळ जागी बसवायचा, आणि बसवताना तो एक शब्द गळून पडायचा. मग काटकसरीचा टप्पा यायचा, आणि दुसऱ्यांदा बघणं त्याला फालतू खर्च वाटायचा. प्रेस निघण्याआधी एकदा बघितलं, हात नव्हता, बस्स. पुढं खाली जाईपर्यंत सर्किटच्या लेखी हात नव्हताच.

ती जागा तिला तासाभरात सापडली. ओळीसमोर तिचं नाव आणि तारीख होती. खुल्या कामात हे असंच असतं, कुणी काय लिहिलं ते कायमचं राहतं. आणि ती तारीख बघताना तिला एकदम तो शाळामास्तर आठवला. मधेच बटण दाबलं तरी न विझणारा दिवा. तिनं ती बंद केलेली तक्रार उघडली. त्याच्या दहा ओळींतही बटण वाचायचं एक छोटं फंक्शन होतं. खाली तिचं उत्तर. सांडूचा हात जायच्या चार महिने आधीचं.

"मॅडम," विश्वजीत म्हणाला, "हे कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"हो," ती म्हणाली.

"तुमचीही जाईल."

तिनं बोर्ड पुन्हा कपाटात ठेवून कुलूप घातलं.

घरी आली तेव्हा फारूखभाई एका पंपाची तार सोडवत बसले होते. तिनं त्यांच्यासमोर स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही विचारलं नाही, की तुला काय माहीत होतं, तुझी काय चूक. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वो आदमी को मालूम है क्या?"

"नै."

"तो पैले उसको मालूम होना."

सोमवारी तिनं विभागप्रमुखांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते, तिला आजवर सांभाळून घेतलेलं. त्यांनी दार ओढून घेतलं. "मंतशा, तुम्ही हमी नाही असं लिहिलंय ना? मग कायद्यानं तुमच्यावर काही येत नाही. ती चूक गुपचूप दुरुस्त करा. त्या कंपनीनं फुकटचं अवजार माणसाच्या हातावर वापरलं, हा त्यांचा गुन्हा. तुम्ही कशाला स्वतःहून विहिरीत उडी टाकता? आणि कॉलेजचं नाव..."

"सर, त्या माणसाच्या नावावर लिहिलंय, की त्यानं चिकटपट्टी लावली."

"ते आपल्या हातात आहे का?"

"आपल्याच हातात आहे," ती म्हणाली. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दुरुस्ती तीन ओळींची होती. तिला फार तर अर्धा तास लागला. त्याखाली लिहायच्या निवेदनाला तीन दिवस लागले. प्रत्येक वेळी वाक्यं आपोआप सोयीची व्हायला लागायची. "काही विशिष्ट परिस्थितीत" असं यायचं, "वापरणाऱ्यांनी काळजी घ्यावी" असं यायचं. ती खोडायची. शेवटी उरलं ते एवढं, की साच्याच्या सातव्या आवृत्तीत चूक आहे, ती माझी आहे; या चुकीमुळं प्रेस थांबला नाही आणि एका कामगाराची चार बोटं गेली; नोव्हेंबरात एकानं हीच चूक दाखवली होती, मी न तपासता त्याला खोटं ठरवलं; ही आवृत्ती जिथं असेल तिथं आजच बंद करा. खाली नाव. तिनं प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

त्याच आठवड्यात ती देवगाव रंगारीला गेली. दौलताबाद, कसाबखेडा करत एस.टी.नं उतरवलं तेव्हा उन्हाचा नुसता भडका होता. सांडूचं घर फार विचारावं लागलं नाही. "हात तुटलेला सांडू व्हय?" म्हणत पानटपरीवाल्यानं बोट दाखवलं.

पत्र्याच्या दोन खोल्या. सांडू ओसरीवर बाजेवर बसला होता, उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी धरलेला. डाव्या हातानं तो ताटलीतली भाकरी मोडायचा प्रयत्न करत होता आणि ताटली सरकत होती. बायको आवडाबाई शेजारीच बसली होती, पण ती मदत करत नव्हती. बहुधा त्यानंच नको म्हटलं असावं.

मंतशानं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. सांडूला वाटलं कारखान्यानं कुणीतरी पाठवलंय.

"म्या त्या शेन्सरला कधी पट्टी लावली नाय, म्याडम," तो आधीच बोलायला लागला. "आईची आन घेऊन सांगतो. सोळा वरीस प्रेसवर काम केलं. कागदावर काय लिवलं व्हतं ते वाचाया दिलं नाय मला. सुईच्या गुंगीत व्हतो."

"मला माहिती आहे, सांडूभाऊ. तुम्ही नाही लावली."

"तुमाला कसं म्हाईत? तुमी कुठं व्हत्या तिथं?"

मग तिनं सांगितलं. गाडीत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तिला आठवलं नाही. ती म्हणाली, की प्रेस खाली यायला लागायच्या आधी मशीननं एकदाच बघितलं. तेव्हा तुमचा हात तिथं नव्हता. मग मशीननं पुन्हा बघितलंच नाही. बघायला हवं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंही होतं. पण तो प्रोग्राम ज्या अवजारातून गेला, त्यानं ते गाळून टाकलं. ते अवजार मी बनवलं.

सांडूनं भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला.

"म्हंजी म्या हात घातला, तवा त्येला माजा हात दिसलाच नाय?"

"नाही दिसला."

"अन् ते तुमी केलं."

"हो. मुद्दाम नाही. पण मीच केलं. आणि एकानं मला आधी सांगितलंही होतं, ते मी बघितलं नाही."

 मग आवडाबाई उठली. "गावात समदे ह्यांनाच यडं ठरवाया लागले," ती म्हणाली. "हात घालायचा व्हता का म्हणून. माजा सख्खा भाऊ म्हणला. आन् ही बया आता सांगाया आली का तिनं केलं. मंग आमी काय करावं? हिला च्या पाजावा?" ती आत निघून गेली आणि आत भांडी आदळल्याचा आवाज आला.

मंतशा उठायला लागली. सांडू म्हणाला, "थांबा." त्याच्या आवाजात ना राग होता ना माया. "आत्ता बोलला ते कागदावर लिवून देता का? मराठीत?"

तिनं पर्समधली वही काढली. दोन पानं लिहिली, खाली सही केली, पत्ता आणि फोन नंबर घातला. सांडूनं पानं मांडीवर ठेवून बोट फिरवत वाचली. डावं बोट ओळीवरून घसरत होतं.

"'माझी चूक' आसं लिवलंय ह्यात."

"हो."

"ह्या समद्यात आजून कुणी लिवलं नाय तसं," तो म्हणाला. त्यात शाबासकी नव्हती. त्यानं कागद घडी करून उशीखाली सरकवले आणि भिंतीकडं तोंड केलं. मंतशा आली तशी निघाली.

पुढं अपघाताची सरकारी चौकशी झाली. तिला दोनदा बोलावलं. कंपनीच्या वकिलानं तिचंच निवेदन छापून आणलं होतं. बाईंनी स्वतः कबूल केलंय, त्यामुळं आमच्या कंपनीचा आणि कारखान्याचा काही संबंध नाही, असं त्याचं म्हणणं. प्रमाणित कार्ड का घेतलं नाही या प्रश्नावर तो फाईल चाळू लागला. मंतशानं बोर्ड सोबत नेला होता. अधिकाऱ्यांच्या टेबलावर तिनं तो मांडला आणि बत्त्या लावून दाखवल्या. तीन बत्त्यांनंतर सेन्सर अडवला. आठही लागल्या. सांडू मागच्या बाकावर होता. दुसऱ्यांदा दाखवताना तो उठून टेबलाजवळ आला आणि वाकून बघत राहिला. आठवी बत्ती लागली तेव्हा त्याचा दंड हलला. नसलेली बोटं त्यानं मागं ओढली असावीत. मंतशानं बोर्डची वायर इतक्या घाईनं ओढली की पिन वाकली.

अहवालात एक वाक्य आलं, "ऑपरेटरचा दोष आढळून येत नाही." अंगठ्याचा कागद बाद झाला. बाकीची प्रकरणं कोर्टात गेली, तिथं ती अजून आहेत. विश्वजीतला चौकशीच्या दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. त्यानं तिला एकच मेसेज पाठवला, "तुम्ही बोलायच्या आधी मला सांगायला हवं होतं." ते बरोबरच होतं. तिनं माफी मागितली, तो मेसेज त्यानं वाचला, उत्तर आलं नाही. पुढं तो चाकणला गेल्याचं कुणाकडून तरी कळलं.

जूनमध्ये कॉलेजचा करार पुढं सरकला नाही. कारण विचारायला ती गेली नाही. प्रयोगशाळेच्या किल्ल्या देताना सर म्हणाले, "पोरांना तुमची आठवण येईल." ती आता गुलमंडीजवळच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. सर्किट नाही, सी नाही.

त्या शाळामास्तरालाही तिनं लिहिलं होतं. तुमचं बटण चांगलं होतं, मी चुकले. त्याचं उत्तर तीन ओळींचं आलं. त्यानं केव्हाच दुसरं अवजार धरलं होतं. त्या कामगाराबद्दल वाचून झोप लागली नाही, आपण पुन्हा एकदा लिहायला हवं होतं असं वाटत राहतं, असं त्यानं लिहिलं होतं. हे वाचून तिला स्वतःच्या चुकीपेक्षा जास्त त्रास झाला. आपण एका भल्या माणसाच्या अंगावरही हे ओझं टाकलं.

आणि साचा? तो परत घेता येत नव्हता. बंद करायचा म्हटलं तरी तो आता तिच्याकडं नव्हताच. ज्यांनी ज्यांनी सातवी आवृत्ती उतरवून घेतली होती त्यांच्याकडं ती होती. कुणी तिच्यात आपले बदल करून, कुणी नाव बदलून, कुणी कसल्या तरी मशीनच्या पोटात भरून. ज्या ज्या प्रतींचा माग लागला त्यांची तिनं यादी केली, चारशे सात झाल्या. रोज पहाटे, पूर्वी ज्या वेळेला ती साचा लिहायची त्या वेळेला, ती एकेकाला पत्र लिहायची. बहुतेकांनी काढून टाकलं. काहींनी आभार मानले. एकानं तिला शिव्या घातल्या. काहींचं काहीच आलं नाही.

ऑक्टोबरात सांडूचा फोन आला. नंबर सेव्ह नव्हता, पण "म्याडम" म्हटल्याबरोबर तिनं आवाज ओळखला. त्यानं स्वतःचं काही सांगितलं नाही. तिनंच विचारलं तेव्हा म्हणाला, की गावात एका शाळेवर पहारा द्यायचं काम मिळालंय, डाव्या हातानं सही जमती.

"एक इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "तुमचं ते अवजार आजून कुठल्या प्रेसवर हाय का?"

मंतशानं यादी समोर ओढली. "मला नाही माहीत, सांडूभाऊ. चारशे सात जणांकडं होतं. एकतीस जणांनी अजून उत्तर दिलेलं नाही. ते काय करतात, कुठं वापरतात, मला कळायला मार्ग नाही."



"एकतीस," सांडू म्हणाला. "मंग बसून ऱ्हाऊ नका. शोधा." आणि त्यानं फोन ठेवला.